अर्ध्यावर टाकलेला वाद

"मास्तर, तुमचं मराठी ऐकलं की माझी चढलेली उतरायची," लहू वायदंडे म्हणाला. "आता तर चढलेलीच न्हाई. मग कशाला वाया घालवताय?"

"वाया जाण्यासाठी आधी कोणाला तरी ऐकावे लागते," मी म्हणालो. "माझे म्हणणे इतकेच आहे, की महिनाभर दारू न पिणे आणि दारू सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. श्रावण पाळणारा माणूस दारू सोडत नाही. तो तिला महिनाभर माहेरी पाठवतो."

"मंजी परत येनार हाय न्हवं? मग झालं तर."

शेडमधली माणसे हसली. गोदाताई शिंगटे मात्र हसली नाही. ती चुलीवरच्या पातेल्यात सुंठीचा काढा ढवळीत होती आणि तिचे लक्ष लहूच्या हातांकडे होते. त्याच्या हातातला पेला एकसारखा थरथरत होता, आणि काढा त्याच्या गुडघ्यावर सांडत होता.

श्रावणाचा तो तिसरा दिवस. गावाबाहेरच्या बंद तेलगिरणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सहा जण भिंतीला पाठ लावून बसलो होतो. जमिनीला अजून शेंगदाण्याच्या पेंडीचा वास येत होता. त्यापूर्वी आम्हा सर्वांचे बिऱ्हाड एकाच ठिकाणी असे, ते म्हणजे एस.टी. स्टँडवरचे बाक. लहू लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवी. आषाढ लागला की लग्ने थांबत आणि बँड बंद होई. मग त्याच्या पिण्याला दिवसाची कोणतीच वेळ वर्ज्य उरत नसे. मी एके काळी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवीत असे. आधी नोकरी गेली, तिच्यामागून भाड्याची खोली गेली, आणि शेवटी माझ्याविषयी ज्यांना काही बरे सांगता आले असते ती माणसेही गेली. क्रम असा, कारण सर्वत्र एकच.

गोदाताई स्टँडवरचे उपाहारगृह चालवीत असे. पहाटे चुलीला हात लावण्यापूर्वी बाकांवरच्या माणसांना हलवून पाहायचे, हा तिचा शिरस्ता होता. मागल्या थंडीत एक जण हलवूनही उठला नाही. तो कोण, कुठला, हे कोणालाच सांगता आले नाही. गोदाताईलाही नाही, आणि तिने तर त्याला कित्येक सकाळी चहा दिला होता. त्यानंतर ती संस्था काढायची म्हणून बोलू लागली. संस्था म्हणजे काय, याविषयी तिची कल्पना सुटसुटीत होती: डोक्यावर पत्रा, दोन वेळचे जेवण आणि दारू नाही. गिरणीच्या मालकाच्या मागे लागून तिने ती शेड मागून घेतली, आणि आरंभासाठी श्रावण निवडला.

"हे लोक डाक्टरचं ऐकत न्हाईत, बायकूचं ऐकत न्हाईत," ती म्हणे, "पर श्रावणाचं ऐकत्यात. गटारीला काय ढोसायची ती ढोसा, आन् दुसऱ्या दिवशी आंघोळ करून या."

आणि आम्ही आलो होतो. आमच्याकडे हे काही नवल नव्हे. अकरा महिने झिंगून घरी येणारा माणूस श्रावणात बाटलीकडे पाहत नाही, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. ते ज्याला त्याला जमते, तर आम्हालाही जमेल, अशी गोदाताईची समजूत होती. मी तिच्याशी पुष्कळ वाद घातला होता. पण तो त्यागाचे स्वरूप, संकल्पाची मुदत वगैरे विषयांवर. जो प्रश्न विचारायला हवा होता, तो तिलाही सुचला नाही आणि मलाही.

"त्यो बघा," लहू एकाएकी म्हणाला. "आले सगळे."

"कोण आले?"

"बँड. त्या कोपऱ्यात हुबा हाय. टोप्या घालून." तो उठायला लागला. "माझी कुटंय टोपी?"

कोपऱ्यात रिकामे पत्र्याचे डबे होते. दुसरे काही नव्हते. त्याला काही सांगावे म्हणून मी तोंड उघडतो तोच त्याचे डोळे वर गेले, मान ताठरली, आणि तो काढ्याच्या पेल्यासकट जमिनीवर आडवा झाला. त्याचे सबंध शरीर आचके देत होते. दातांतून फेस आला.

"कांदा आना कुनीतरी, कांदा," गोदाताई ओरडली.

"कांद्याने काही होत नाही," मी म्हणालो.

"मग कशानं हुतंय ते सांगा."

लहूचे डोके माझ्या मांडीवर होते आणि माझे दोन्ही गुडघे, का कोण जाणे, सकाळपासून थरथरत होते. आचके थांबल्यावर गोदाताईने रस्त्यावरचा एक टमटमवाला हात करून थांबवला. तिने लहूचे खांदे धरले, मी पाय धरले, आणि आम्ही दवाखान्यात गेलो.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर नदाफ हे तरुण, उंच आणि बोलण्यात तुटक असे गृहस्थ होते. लहूच्या पापण्या उघडून पाहताना त्यांनी गोदाताईला विचारले, "रोजची सवय?"

"व्हय."

"किती?"

"किती मंजी... उठल्यापास्नं झोपस्तवर."

"आणि शेवटची कधी घेतली?"

"गटारीला."

"मग?"

"मग श्रावन लागला की डाक्टर."

डॉक्टरांनी हात थांबवला. ते रागावले असावेत. पण रागावण्यासारखे समोर कोणी सापडेना, अशी त्यांची मुद्रा झाली.

"बाई, संध्याकाळी जेवणापूर्वी थोडी घेणारा माणूस श्रावण पाळू शकतो. जो डोळे उघडल्यापासून पितो, त्याची अशी एका दिवसात तोडायची नसते. शरीराला ती लागते. न मिळाली तर झटके येतात, नसलेलं दिसायला लागतं, आणि कधी कधी माणूस जातो. ती दवाखान्यात, औषधं देऊन, हळूहळू उतरवावी लागते. कुणाला विचारलं नाहीत?"

"इचारायचं असतंय हेच ठावं न्हवतं," गोदाताई म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"शेडमध्ये आणखी कोण आहेत?"

"चौघं हाईत."

"आणि हे?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "हेही त्यातलेच?"

मी हात पाठीमागे बांधले. "मी रुग्णासोबत आलो आहे," मी म्हणालो. यात असत्य काहीच नव्हते.

डॉक्टरांना खोदून विचारायला वेळ नव्हता. "ऐका," ते म्हणाले, "त्या चौघांना आत्ताच्या आत्ता इथे घेऊन या. झटका येण्याची वाट बघू नका. आता याचं. मी याला सुई देतो, पण एकदम सगळी देता येत नाही, श्वास मंदावतो. संध्याकाळपर्यंत थोडी थोडी द्यावी लागेल. तोपर्यंत हा असाच बडबडणार, उठणार, सलाइन उपटणार. हात बांधू, पण बांधलेला माणूस जास्त हिसके देतो. याच्या उशाशी सतत कुणीतरी पाहिजे, ओळखीचं, त्याला बोलण्यात गुंतवणारं. वॉर्डात माझ्याकडे एकच सिस्टर आहे. सोबतीला माणूस नसेल, तर मला याला जिल्ह्याला पाठवावं लागेल."

"जिल्ह्याला पोचंल का ह्यो?"

"सांगता येत नाही."

गोदाताई स्वतः थांबली असती. पण पुरुषांच्या वॉर्डात बाईमाणसाला सोबतीला बसू देत नसत, आणि शेडमध्ये ते चौघे होते. तिने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले. भिंतीवर पाल होती की नव्हती, याची मला खात्री वाटेना.

सिस्टर कागद घेऊन आली. "पेशंट वायदंडे. सोबत कोण?"

"देवस्थळी," मी म्हणालो.

"नातं?"

"नाते असे काही..."

"भाऊ लिवा," गोदाताई म्हणाली.

"गोदाताई, हे वस्तुस्थितीला धरून नाही."

"मास्तर, नंतर भांडा."

सिस्टरने चष्म्याच्या वरून आधी मला, मग लहूला पाहिले. "वायदंडे आणि देवस्थळी. भाऊ?"

"रोज एका बाकड्यावर झोपत्यात," गोदाताई म्हणाली. "आनी काय पायजे?"

सिस्टरने खांदे उडवले आणि लिहिले. मी आयुष्यात कधी खोटी सही केली नव्हती, आणि त्या दिवशीही केली नसती. पण पेन हातात धरवेना, तेव्हा सिस्टरने माझा अंगठा घेतला. मराठीच्या अध्यापकाचा अंगठा घेतला जात असताना गोदाताई दुसरीकडे पाहत राहिली, याचे मला आजही बरे वाटते.

जाताना ती खाटेपाशी आली. "मी चौघांस्नी घिऊन येती. तवर हलू नका."

"आणि मी हललो तर?"

"तर ह्यो जाईल," ती म्हणाली. "आन् ह्यो गेला तर शेडला कुलूप लागंल. श्रावनात दारू सोडवाय नेलं आन् मारून टाकलं म्हनतील. काय चूक म्हनतील?"

तिने माझ्याकडून वचन घेतले नाही. दारुड्याचे वचन घेऊ नये, इतके तिला उपाहारगृहाने शिकवले होते. ती फक्त पदराने लहूच्या ओठाजवळचा फेस टिपून निघून गेली.

दुपार कलत होती. लहूचे दोन्ही हात खाटेच्या दांड्यांना पट्ट्यांनी बांधले होते. त्याने डोळे उघडले, मला पाहिले, आणि मी त्याला बांधून ठेवणारा कोणीतरी आहे, हे त्याने आपल्या मनाने ठरवून टाकले.

"सोड," तो म्हणाला. "वरात निघाली."

"वरात नाही. हा दवाखाना आहे. तू स्वस्थ पड."

"सोड म्हनतो ना. नवरा घोड्यावर बसलाय. सोड." त्याने असा हिसका दिला की खाट सरकली आणि सलाइनची बाटली दांडीवर आपटली.

मी त्याला समजावले. समजावण्याचा परिणाम असा झाला, की तो दुप्पट जोराने ओढू लागला. मी त्याला विनवले. त्याने मला एक शिवी दिली, तिची रचना निर्दोष होती. "पुढं क्लॅरिनेट पायजे," तो पुनःपुन्हा म्हणत होता, "क्लॅरिनेटबिगर वरात हलत न्हाई," आणि मनगटाशी पट्टी काचून त्याची कातडी लाल झाली होती. मला कळेना काय करावे. शेवटी मी वैतागलो, आणि वैतागल्यावर मी जे नेहमी करतो तेच केले.

"क्लॅरिनेट पुढे नसतेच," मी म्हणालो.

तो थांबला.

"बँडमध्ये पुढे चालतो तो ट्रम्पेटवाला," मी म्हणालो. "मी पुष्कळ वराती पाहिल्या आहेत. क्लॅरिनेट हे मागून भर घालणारे वाद्य आहे. ते असले काय आणि नसले काय, वरात चालते."

"कोन म्हनतं?"

"मी म्हणतो."

"तू कोन?" त्याने मान उचलली. हातांचा ताण सैल झाला होता. "आरं, ट्रम्पेट वरडतं. कुत्र्यावानी. क्लॅरिनेट गातं. पोरगी वाटं लावताना आई रडती ती कशानं? ट्रम्पेटनं?"

"आई रडते ती मुलगी सासरी जाते म्हणून. त्यात वाद्याचा काय संबंध?"

"मग बँड कशाला बलवत्यात? नुसतं पाठवा की तिला रिक्षात घालून."

"प्रतिष्ठेसाठी बोलावतात."

"आन् आई परतिष्ठेसाठी रडती?"

मला उत्तर द्यायला क्षणभर वेळ लागला. त्या क्षणात त्याचे डोळे पुन्हा छताकडे वळले आणि बोटे पट्टीशी झटापट करू लागली. तेव्हा मला त्या दुपारपुरता नियम सापडला. मी गप्प बसलो की वरात निघत होती. मी चुकीचे काही बोललो की लहू खाटेवर परत येत होता. म्हणून मी बोलत राहिलो. मी म्हणालो, बँडच्या संगीताला संगीत म्हणणे हाच मुळात शब्दाचा दुरुपयोग आहे. मी म्हणालो, झगमगीत टोप्या घालून बेसूर वाजवणाऱ्यापेक्षा साध्या टोपीत गप्प बसणारा अधिक रसिक. मी म्हणालो, क्लॅरिनेट वाजवायला फुप्फुस लागते, बुद्धी लागत नाही. यातले काही मला खरे वाटत होते, काही मी केवळ त्याच्यासाठी जन्माला घालत होतो. प्रत्येक विधानाला तो उत्तर देई. काही उत्तरे भ्रमातली असत, काही माझ्यापेक्षा सरस असत. उत्तर देताना त्याचे हात स्वस्थ असत, आणि बाटलीतले थेंब एकामागून एक पडत राहत.

"पेशंटशी भांडू नका हो," सिस्टर पलीकडून म्हणाली.

डॉक्टर नदाफ दुसरी सुई द्यायला आले होते. त्यांनी थोडा वेळ उभे राहून ऐकले. "भांडू दे," ते म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे गेले.

उन्हे खिडकीतून आत आली तेव्हा लहूचे बोलणे अडखळू लागले आणि पापण्या मिटू लागल्या. तो निजला असे पाहून मी गप्प झालो. आणि गप्प होताच माझे स्वतःचे शरीर मला ऐकू येऊ लागले. सदरा घामाने चिंब झाला होता. दात एकमेकांवर वाजत होते. भिंतीवरून मुंग्यांची एक रांग चालली होती. मी डोळे मिटले तरी ती चालतच राहिली.

खिडकीतून दवाखान्याचे फाटक दिसत होते, आणि फाटकापलीकडे देशी दारूचे दुकान होते. तिथल्या जाळीमागचा माणूस मला नावाने ओळखत असे. चहासाठी गोदाताईने दिलेली नोट माझ्या खिशात होती.

माझा युक्तिवाद असा होता: डॉक्टरांनीच सांगितले आहे, की अशी एकदम तोडणे घातक असते. मी एकदम तोडली आहे. तेव्हा थोडी घेणे हे वैद्यकीयदृष्ट्या उचित आहे. शिवाय मला झटका आला तर लहूजवळ कोण बसणार? म्हणजे लहूच्या हितासाठीही ती घेणे हे माझे कर्तव्यच ठरते. मी तो पुन्हा एकदा तपासून पाहिला. त्यात कुठे भेग नव्हती. आयुष्यभर माझ्या पिण्याला मी असेच निर्दोष युक्तिवाद पुरवीत आलो होतो.

मी उठलो. भिंतीला धरून दारापर्यंत गेलो, दारातून व्हरांड्यात गेलो. व्हरांड्याच्या पायऱ्या दिसत होत्या. पहिल्या पायरीवर मी पाऊल ठेवले असेल, तेवढ्यात मागून, वॉर्डातून, जाड झालेल्या जिभेचा आवाज आला.

"सिस्टर. ओ सिस्टर. गेला का त्यो?"

"कोण?"

"त्यो मास्तर. पळाला." आवाजात कमालीचे समाधान होते. "म्हनलं हुतं मी. ट्रम्पेट पुढं असतंय म्हनाला, आन् वाद अर्धा टाकून पळाला. मुद्दाच न्हवता त्याच्याकडं. नुसतं मराठी हुतं."

त्या क्षणी मला लहूची करुणा आली, किंवा गोदाताईचा चेहरा आठवला, असे मी म्हणणार नाही. कारण ते खरे नाही. मला उत्तर सुचले होते. खरे तर दोन सुचली होती. मी पायरीवरून पाऊल मागे घेतले आणि भिंत धरून वॉर्डात परत आलो.

"पहिली गोष्ट," मी खाटेचा दांडा धरून म्हणालो, "मी पळालो नव्हतो."

"मग?"

"दुसरी गोष्ट..." मला दुसरी गोष्ट आठवेना. मुंग्या आता माझ्या हातावर होत्या. मी त्या झाडू लागलो. लहू माझ्याकडे पाहत होता, आणि या वेळी त्याच्या डोळ्यांत वरात नव्हती. सुईने आपले काम केले असावे. त्याने बऱ्याच वेळाने मला मी म्हणून पाहिले.

"मास्तर," तो हलक्या आवाजात म्हणाला, "काय न्हाई तितं. हातावर काय न्हाई. मला मघा बँड दिसत हुता." मग मान वळवून त्याने हाक मारली, "सिस्टर, डाक्टरला बलवा. ह्यो बी आमच्यातलाच हाय."

डॉक्टर नदाफ आले. "हात पुढे करा," ते म्हणाले. मी केले. ते पाहून त्यांनी एक उसासा सोडला. "शेवटची कधी?"

"गटारीला."

"मघाशी विचारलं तेव्हा का बोलला नाहीत?"

"मी सोबत आलो असे म्हणालो. ते अयथार्थ नव्हते."

"तुम्ही बरे झालात की तुमच्याशी भांडेन," ते म्हणाले. "सिस्टर, शेजारची खाट. सुई भरा. यांच्या सोबत कोण?"

गोदाताई अजून आली नव्हती. सिस्टर कागद घेऊन उभी होती, आणि मला पहिल्यांदाच स्वच्छ कळले, की या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कितीही वाद घातला तरी ते निर्माण करता येणार नव्हते.

"मी हाय की," लहू म्हणाला.

सिस्टर वळली. "तुम्ही?"

"भाऊ हाय त्येचा. मघाच लिवलंय न्हवं तुमी, ऐकलं मी."

"अहो, पण तुम्हाला बांधून ठेवलंय. तुम्ही कसली सोबत करणार?"

"हात बांधल्यात," लहू म्हणाला. "तोंड मोकळं हाय."

सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टर नदाफ खिडकीबाहेर पाहत होते. "लिहा," ते म्हणाले.

गोदाताई दिवेलागणीला त्या चौघांना टमटममध्ये कोंबून घेऊन आली. त्यांतल्या कोणालाही झटका आला नाही. शेडला कुलूप लागले नाही. संस्थेची नोंदणी पुढे झाली. तिच्या घटनेचा मसुदा मी केला, आणि डॉक्टर नदाफांनी विश्वस्त होताना त्यातल्या अनेक शब्दांवर माझ्याशी वचन दिल्याप्रमाणे भांडण केले. आमच्याकडे येणारा माणूस आता आधी दवाखान्यात जातो, मग शेडमध्ये येतो. महिना कोणताही असो. दवाखान्यात त्याच्या उशाशी आमच्यापैकीच कोणीतरी बसतो. नाते विचारले की भाऊ सांगतो, बाईच्या सोबतीला बाई असली की ती बहीण सांगते. त्या विधानाच्या यथार्थतेवर मी अनेक वर्षांत आक्षेप घेतलेला नाही. लहू हिवाळा-उन्हाळा बँडमध्ये वाजवतो. आषाढात लग्ने थांबली की मुक्कामालाच शेडमध्ये येतो आणि उशाशी बसण्याची बहुतेक पाळी स्वतःकडे घेतो. त्याच्याइतका माणसाला चिडवून जागेवर ठेवणारा दुसरा कोणी आम्हाला मिळालेला नाही.

पण हे सारे नंतरचे. त्या संध्याकाळी, गोदाताई यायच्या आधी, मी लहूच्या शेजारच्या खाटेवर पडलो होतो. माझेही हात बांधले होते. छतातून काहीतरी खाली उतरत होते, आणि ते काय आहे हे पाहू नये म्हणून मी डोळे घट्ट मिटले होते.

"मास्तर," शेजारून आवाज आला. "क्लॅरिनेटचं काय म्हनत हुता तुमी?"

मला बोलता आले नाही. जीभ टाळ्याला चिकटली होती.

मग त्याला कळले असावे. त्याने घसा खाकरला, आणि मला एक विलक्षण गोष्ट ऐकू आली. लहू वायदंडे माझ्या आवाजात बोलू लागला. माझे लांबलेले उच्चार, वाक्याच्या शेवटी माझे ते जरा थांबणे, सारे हुबेहूब. "माझे म्हणणे इतकेच आहे," तो म्हणाला, "की पुढे चालतो तो ट्रम्पेटवाला." आणि मग लगेच आपल्या आवाजात, "आवो पर मास्तर, ट्रम्पेट वरडतं." "ओरडणे हा दोष नव्हे, लहू. वरातीत शंभर माणसांच्या वर आवाज जावा लागतो." "त्ये बी खरंच." "शिवाय क्लॅरिनेटला बुद्धी लागत नाही." "न्हाई लागत मास्तर, मी वाजवतो मंजी बघा."

अशा रीतीने तो दोन्ही बाजूंनी वाद चालवीत राहिला. त्याला धाप लागत होती, मध्येच शब्द घसरत होते. पण तो थांबला नाही. छतातून उतरणारी वस्तू कुठेतरी मध्येच अडखळली. मी ऐकत होतो. मला खोडून काढावेसे वाटणारे त्यात पुष्कळ होते. माझ्या तोंडी त्याने घातलेले मुद्दे मी घातले असते त्याहून चांगले होते, आणि आपल्या बाजूचे मुद्दे तो एक एक करून सोडून देत होता. आईच्या रडण्याचा तर त्याने काढलाच नाही.

मला झोप लागली तेव्हा मी वाद जिंकत होतो.